नळावरच्या नोंदी : शाळेतल्या हात धुण्याचं निरीक्षण कसं केलं

२४ जून

प्रश्न एका ओळीचा आहे. दुपारच्या खिचडीआधी मुलं साबणानं हात धुतात का? कोल्हापुरातल्या एका प्राथमिक शाळेत, पहिली ते चौथी. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. सोबत एम.ए.च्या दोन विद्यार्थिनी आहेत, एक गडहिंग्लजची, एक कसबा बावड्याची. मुलांची आणि शाळेची नावं कुठेच येणार नाहीत, या दोघींचा उल्लेखही गावावरूनच करते.

प्रश्नावली का नको, ते आज शाळेतच कळलं. मुख्याध्यापिकांनी चौथीच्या वर्गात विचारलं, "जेवायच्या आधी साबणानं हात कोण कोण धुतं?" एकूणएक हात वर. बरोबर उत्तर काय ते मुलांना पाठ आहे, आणि ते पाठ आहे एवढंच अशा प्रश्नातून समजतं. हात प्रत्यक्षात काय करतात ते बघायचं तर नळापाशीच बसायला हवं.

परवानगी मुख्याध्यापिकांकडून आणि शाळा व्यवस्थापन समितीकडून लेखी घेतली. समितीतल्या एका पालकांनी पहिलाच प्रश्न केला, "पोरांचं शूटिंग करणार न्हाई न्हवं?" नाही, असं तिथल्या तिथे सांगितलं आणि अर्जातही लिहून दिलं. कॅमेरा असता तर तेच दृश्य पुन्हा पुन्हा बघून नोंद तपासता आली असती, ती सोय गेली. पण मुलांचे व्हिडिओ आमच्या मोबाइलमध्ये पडून राहणं मलाही नको होतं. कागदावर फक्त मुलगा की मुलगी आणि अंदाजे इयत्ता.

२८ जून

आज फॉर्म नाही, कोरी वही. तिघी कट्ट्यावर बसून दिसेल ते लिहीत गेलो.

नळ सहा. टोकाच्या दोनांना धार बारीक. साबण एकच, लाल जाळीच्या पिशवीत घालून सुतळीनं तिसऱ्या आणि चौथ्या नळाच्या मधे टांगलेला. जाळी कशाला, असं खिचडी करणाऱ्या मावशींना विचारलं. "उघडा ठिवला की कावळं न्हेत्यात," म्हणाल्या. पहिलीतल्या मुलांना नळाची चावी टाचा उंचावल्याशिवाय गाठत नाही, त्यामुळे मोठं कुणी सोडून गेलेल्या धारेखाली ती बोटं घालतात. बरीच मुलं फक्त बोटांची टोकं ओली करून चड्डीला किंवा फ्रॉकला पुसतात आणि ताटाकडे पळतात.

घरी येऊन वह्या वाचल्यावर लक्षात आलं, तिघींची पानं एकमेकांवर पाणी उडवणाऱ्या पोरांनी भरलीत. जे मूल गुपचूप आलं आणि गेलं ते कुणाच्याच वहीत नाही. केनियातल्या अंबोसेलीत बबून माकडांचा अभ्यास करणाऱ्या जीन आल्टमन यांनी १९७४ मध्ये निरीक्षणाच्या नमुनापद्धतींवर लेख लिहिला, त्यात याच धोक्यावर बोट ठेवलंय. जे डोळ्यांत भरतं ते लिहीत गेलं की ठळक वागणं जास्त आणि साधं वागणं कमी नोंदलं जातं. अशा नोंदींवरून टक्केवारी काढता येत नाही. पण आजच्या वह्यांतूनच पुढचा फॉर्म निघणार आहे, म्हणून हा दिवस मी वाया गेला असं मानत नाही. नवीन जागी थेट रकाने घेऊन बसणाऱ्यांना जाळी आणि कावळे कधीच दिसणार नाहीत.

२ जुलै

पहिला फॉर्म फसला. रकाना होता 'हात नीट धुतले : हो / नाही'. दोघी विद्यार्थिनी शेजारी बसून तीच मुलं बघत होत्या, तरी कागद जुळेनात. 'नीट' हा निवाडा आहे, तो प्रत्येकीचा वेगळा पडतो. गडहिंग्लजची घरी लहान भावंडांना सांभाळलेली, तिचा 'नीट' सैल. बावड्याचीची आई नर्स, तिचा 'नीट' फार कडक.

मग निवाडा काढून टाकला आणि नुसत्या हालचाली ठेवल्या. पाणी मनगटापर्यंत गेलं की बोटांपुरतं राहिलं. जाळी दोन्ही हातांत धरून फिरवली की नाही. तळव्यावर तळवा घासला की नाही. हात कशाला पुसले.

खरा वाद जाळीवर झाला. मूल ओल्या बोटानं जाळीला एकदा टोचतं, फेस येत नाही, बोट धारेखाली धरून निघतं. हा साबण धरायचा का? बराच वेळ वाद घालून 'स्पर्श' असा तिसरा रकाना केला. तो मधला रकाना नसता तर सगळी अडचणीची मुलं प्रत्येकीनं आपापल्या मनाप्रमाणे 'हो'त किंवा 'नाही'त ढकलली असती.

वीस सेकंद हात चोळायचा नियम मोजायचा विचार होता, तो सोडला. रांगेत धक्काबुक्की सुरू असताना घड्याळ बघायचं की हात? घड्याळाकडे नजर गेली की तेवढ्यात जाळी सुटते.

५ जुलै

घंटा झाली की सगळी शाळा एकदम नळावर येते आणि बघता बघता ओसरते. सगळ्यांवर नजर ठेवणं अशक्य. दोन वाटा होत्या. ठरावीक वेळानं सहाही नळांवर एक नजर टाकून त्या क्षणी काय चाललंय ते टिपायचं, किंवा एकेक मूल धरून शेवटपर्यंत बघायचं. पहिल्या पद्धतीत आमचं काम सोपं झालं, पण साबण लावणं हे इतकं झटकन उरकतं की दोन नजरांच्या मधे निसटून जायचं. दुसरी घेतली. नळ चिठ्ठी टाकून निवडायचा. त्या नळाखाली नवा हात आला की ते मूल धरायचं, ते निघालं की त्यानंतर येणारं पहिलं मूल. चिठ्ठी अशासाठी की नाहीतर आम्ही तिघीही नकळत साबणाजवळच्या नळांकडे बघत होतो, तिथे काहीतरी घडतं ना.

दुपारी बावड्याचीनं एक गोष्ट विचारली, त्यामुळे सगळा आराखडा बदलला. "मॅडम, जी पोरं नळावर आलीच नाहीत त्यांचं काय?" वर्गातून थेट ताट घेऊन रांगेत बसणारी मुलं आमच्या कागदावर नसणार होती. नळावर बसून फक्त नळावर आलेल्यांचं प्रमाण निघतं. आम्हाला हवं होतं जेवणाऱ्यांचं. तेव्हा तिसऱ्या जागी, व्हरांड्याच्या पायरीवर, एक निरीक्षक नेमली. तिचं काम एकच. बोटातल्या काउंटरवर दोन आकडे, ताट घेणारी एकूण मुलं आणि त्यातली नळाच्या दिशेनं आलेली. जपाला वापरतात तो काउंटर, महाद्वार रोडवर मिळतो. हे काम कंटाळवाणं आहे, पण तो भाजक नसेल तर वरचे सगळे रकाने अधांतरी.

९ जुलै

"काय लिवतायसा ओ म्याडम?"

दुसरीतला मुलगा. मी उत्तर देईपर्यंत त्यानं जाळी ओढून कोपरापर्यंत फेस केला, हात माझ्यासमोर धरले, आणि धुऊन झाल्यावर परत रांगेत जाऊन दुसऱ्यांदा धुतले. त्याच्यामागच्या चारपाच जणांनीही तेच केलं. तिकडे एका वर्गशिक्षिकेनं आम्ही आलोय म्हणून मुलांना ओळीनं नळावर आणायला सुरुवात केली. त्यांचा हेतू चांगला होता, पण आज आम्ही शाळेचं वागणं मोजलं नाही, आमच्या येण्याचा परिणाम मोजला.

या परिणामाचं नाव ज्या हॉथॉर्न कारखान्यावरून पडलं त्या शिकागोजवळच्या कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात कामगारांवर प्रयोग चालले होते. तिथल्या आकड्यांवर पुढे बरीच शंका घेतली गेली, त्यामुळे मी त्याचा दाखला सांभाळूनच देते. आमच्या कामाला जवळचा दाखला बांगलादेशातला आहे, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला. संशोधकांनी घरोघरी साबणाच्या वडीतच हालचाल टिपणारं यंत्र बसवलं, आणि निरीक्षक घरात बसलेला असताना साबण आदल्या दिवसाच्या त्याच वेळेपेक्षा सुमारे एक तृतीयांशानं जास्त हलला. म्हणजे समोर बसून काढलेला आकडा फुगलेला असतो, असंच धरून चालावं.

लपून बसायचा पर्याय होता. वर्गाच्या खिडकीतून नळ दिसतो. तो मी नाकारला. एक तर समितीला आम्ही उघड बसणार असं सांगितलं होतं. शिवाय मुलांना कळलं असतं तर पुढे कुणा पाहुण्यावर त्यांनी विश्वास ठेवला नसता. त्याऐवजी शिक्षकांना विनंती केली की आम्ही असताना वेगळं काही करू नका, आणि मुलांना खरं तेच, पण मोघम सांगितलं, "सुट्टीत मुलं काय काय करतात ते लिहितोय." एवढ्या मोघमपणाला समितीची संमती आधी घेतली. आतापर्यंतचे कागद सरावाचे म्हणून बाजूला काढले. आता रोज त्याच जागी, त्याच कपड्यांत म्हटलं तरी चालेल, इतकं बसायचं की मुलांना आमचा कंटाळा यावा.

१६ जुलै

कंटाळा आला. दुसरीतला तो मुलगा आता माझ्या पायावर पाय देऊन जातो आणि बघतही नाही. आजपासून दोघींच्या नोंदींची जुळणी तपासायला घेतली.

इथे आकड्यांचा एक सापळा आहे, तो सविस्तर लिहिते कारण विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत तो दरवर्षी दिसतो. समजा दोघींनी तीच १०० मुलं पाहिली आणि दोघींनीही १० - १० मुलांना 'साबण' दिला. दोघींचा एकाच मुलावर 'साबण' पडला अशी मुलं फक्त २, दोघींचा 'नाही' पडला अशी ८२. जुळणी ८४ टक्के. अहवालात हा आकडा छान दिसतो. पण बहुतेक मुलं साबण लावतच नसतील तर डोळे मिटून 'नाही' लिहीत गेलं तरी कागद जुळणारच. नुसत्या योगायोगानं जुळणारा भाग काढला तर ०.९ गुणिले ०.९ अधिक ०.१ गुणिले ०.१, म्हणजे ०.८२. मानसशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये दिलेला 'कप्पा' (kappa) नावाचा जुळणीचा आकडा हा योगायोग वजा करतो. ०.८४ मधून ०.८२ गेले, उरले ०.०२, त्याला १ मधून ०.८२ गेल्यावर उरणाऱ्या ०.१८ नं भागलं की ०.११. म्हणजे ज्या वागण्यासाठी एवढा खटाटोप, त्याच वागण्यावर दोघींचं जवळजवळ एकमत नाही.

आमचाही कप्पा पहिल्यांदा पडलेलाच होता. कारण शोधताना कळलं की दोघी वेगवेगळ्या बाजूंना बसत होत्या. डावीकडून मुलाची पाठ आड येते आणि जाळी दिसत नाही. दोघींना उजवीकडच्या कट्ट्यावर आणलं, 'स्पर्श'ची व्याख्या मोठ्या अक्षरांत फॉर्मच्या माथ्यावर छापली. त्यानंतर आकडा कामाला येण्याइतका वर आला.

२५ जुलै

शाळा बंद. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ च्या धोका पातळीकडे निघालीय. काम थांबलं.

२ ऑगस्ट

शाळा उघडली. पाणी उकळून प्या, हात धुवा, हे सगळीकडे सांगितलं जातंय, घरात, वर्गात, रिक्षावरच्या भोंग्यातून. नळावर साबणाला मागणी एकदम वाढलेली दिसते. पुराआधीच्या आणि आताच्या कागदांची तुलना करून काहीही सिद्ध होणार नाही. आम्ही पायाभूत नोंद पुन्हा पहिल्यापासून सुरू करतोय. जुलैचे कागद वेगळ्या फाईलमध्ये. नैसर्गिक जागी निरीक्षण करायचं म्हटलं की नदी आपल्या वेळापत्रकाला विचारत नाही. पावसाळ्यात कोल्हापुरात हे काम करणाऱ्यांनी जुलै-ऑगस्ट मोकळाच ठेवावा.

६ ऑगस्ट

आम्ही नसताना काय होतं? हे समजायला एक साक्षीदार हवा होता जो मुलांना दिसत नाही. साबणाचंच वजन करायचं ठरवलं. शिकागोच्या विज्ञान संग्रहालयात अंड्यातून पिल्लं बाहेर पडतात त्या काचेसमोरच्या फरशा इतक्या झिजायच्या की दर सहा आठवड्यांनी बदलाव्या लागायच्या, आणि बाकी दालनांत त्या वर्षानुवर्षं टिकायच्या. प्रेक्षकांना काय आवडतं ते विचारायची गरजच पडली नाही. तसंच आमची साबणाची वडी.

लक्ष्मीपुरीतून एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा साडेतीनशे रुपयांना आणला. (पुढच्या आठवड्यांतलं मी नंतर याच नोंदीत जोडलंय.) पहिल्या आठवड्याचे आकडे निरुपयोगी निघाले. ओली वडी सुकीपेक्षा जड भरते, दोनदा तर वजन आदल्या दिवसापेक्षा वाढलेलं आलं. मग रोज संध्याकाळी वडी काढून जाळीवर सुकवायची आणि सकाळी शाळा भरायच्या आधी तोलायची, असं ठरलं. हे काम मुख्याध्यापिकांनी स्वतः घेतलं, त्यांचे उपकार आहेत. तरी वजन उतरतच होतं, अगदी रविवारीसुद्धा. शोध घेतला तर पन्हाळीचं पाणी बरोबर जाळीवर पडत होतं. जाळी हातभर सरकवली. नंतर कळलं, मावशीही हात धुवायला हाच साबण घेतात. त्यांना वेगळी वडी दिली.

एवढं निस्तरल्यावर वजनं बोलायला लागली. आम्ही बसतो त्या दिवशी साबण जास्त झिजतो, आम्ही नसतो त्या दिवशी कमी. आठवडे गेले तसा हा फरक घटत गेला, पण पूर्ण मिटला नाही. म्हणून अहवालात आमचा आकडा 'यापेक्षा जास्त नसावा' अशा भाषेत जाईल. झिजेचीही मर्यादा आहे. कुणी धुतले, किती जणांनी, की एकाच मुलानं फेस करत खेळ केला, यातलं वडी काहीच सांगत नाही. कागद आणि काटा दोन्ही लागतात.

२० ऑगस्ट

आरोग्यसेविकांनी तिसरीच्या वर्गात हात धुण्यावर तास घेतला. गडहिंग्लजचीला ते माहीत होतं, आणि त्यानंतर तिच्या कागदावर तिसरीची मुलं चांगलीच सुधारलेली. बावड्याची त्या दिवशी रजेवर होती, तिला तासाचं माहीत नव्हतं. तिच्या कागदावर तेवढी सुधारणा नाही. गडहिंग्लजचीनं मुद्दाम काहीही केलेलं नाही, हे मी तिच्या शेजारी बसून पाहिलंय. 'स्पर्श' आणि 'साबण' यांच्यामधलं मूल समोर आलं की अपेक्षा हळूच पेन सरकवते. रोझेन्थाल आणि फोड या संशोधकांच्या १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना एकाच जातीचे उंदीर दिले होते. काहींना सांगितलं तुमचे हुशार, काहींना सांगितलं तुमचे मठ्ठ, आणि 'हुशार' उंदरांचे आकडे खरंच चांगले आले.

उपाय : शाळेत कुठल्या वर्गात काय कार्यक्रम होतो ते फक्त मला कळेल, मी नोंदी करणार नाही. तिसरीचे ते कागद रद्द. दर आठवड्याला, आधी न सांगता, एका दिवशी दोघी तीच मुलं बघतील, कारण एकदा जुळलेले डोळे हळूहळू पुन्हा आपापल्या वाटेनं जातात.

१० सप्टेंबर

पुरेसे कागद जमले. सर्वांत ठळक गोष्ट : साबण वापरणारी बहुतेक मुलं तिसऱ्या आणि चौथ्या नळावरची, म्हणजे जाळी हाताला येते तिथली. दोघींचं मत, साबण लांब आहे म्हणून बाकीची वापरत नाहीत. कदाचित. पण ज्यांना साबण लावायचाच असतो तीच मुलं त्या नळांची वाट बघत उभी राहत असतील, हेही तितकंच शक्य आहे. कागद दोन्हींत फरक करू शकत नाही. निरीक्षणात आपण काही हलवत नाही, त्यामुळे काय कशामुळे हे त्यातून ठरत नाही. ते हवं तर काहीतरी हलवावं लागतं, आणि मग तो प्रयोग होतो. मुख्याध्यापिकांच्या परवानगीनं दुसरी जाळी पाचव्या-सहाव्या नळांमधे टांगली.

दरम्यान मुलांशी गप्पा मारल्या. हे आधी केलं असतं तर नोंदींवर परिणाम झाला असता, म्हणून आत्तापर्यंत थांबलो होतो. आमच्या तिघींच्या डोक्यात कारणं होती कंटाळा, घाई, विसर. चौथीतली एक मुलगी म्हणाली, "साबण लावला की खिचडीला वास येतोय." तिच्याभोवतीच्या मुलींनी माना डोलावल्या. हातानं खाताना बोटांना येणारा अत्तरी वास! इतके दिवस नळापाशी बसून हे कारण आमच्या एकाही रकान्यात उतरलं नव्हतं, उतरणंच शक्य नव्हतं. दुसऱ्यानं सांगितलं, शेवटी गेलं की खिचडी गार होते. हे मात्र दिसण्यासारखं होतं. पायरीवरच्या काउंटरचे आकडे परत पाहिले, तर उशिरा सुटणाऱ्या वर्गातली मुलं नळाकडे कमी वळताना दिसतात.

२४ सप्टेंबर

दुसऱ्या जाळीनंतर पाचव्या-सहाव्या नळांवर साबण वापरला जाऊ लागला, आणि तिसऱ्या-चौथ्यावरचा फारसा घटला नाही. म्हणजे अंतराचा काही वाटा आहे. पहिल्या-दुसऱ्या नळांवर, जिथे काहीच बदललं नाही, तिथे फरक दिसला नाही, हे बरं झालं. नाहीतर गणपतीच्या सुट्टीनंतर सगळ्यांचंच वागणं बदललं का, अशी शंका राहिली असती.

वासाचं काय ते अजून बाकी आहे. कमी वासाचा साबण दुकानात विचारला, थोडा महाग पडतो.

२७ सप्टेंबर

पैशाचा हिशेब, कुणाला उपयोगी पडला तर. काटा ३५०, दोन काउंटर १६०, क्लिपबोर्ड तीन मिळून १८०, झेरॉक्स सुमारे ४००, साबण आणि जाळ्या सुमारे ३००. सर्वांत महाग पडला तो वेळ. पूर, सरावाचे कागद, रद्द झालेले तिसरीचे कागद आणि ओल्या वडीचा आठवडा धरला तर जवळजवळ निम्मी मेहनत अहवालात दिसणार नाही. शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हाचं वागणं वेगळं, म्हणून शनिवार मोजले नाहीत.

शाळेला आता नळांपर्यंत रंगीत पावलं आणि हातांचे ठसे रंगवायचेत. बांगलादेशातल्या दोन शाळांत तसं केल्यावर शौचालयानंतर साबणानं हात धुण्याचं प्रमाण ४ टक्क्यांवरून सहा आठवड्यांनी ७४ टक्क्यांवर गेल्याचं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालंय. आमच्या इथे जेवणाआधीच्या धुण्यावर तेवढा परिणाम होईल असं मी कुणाला सांगितलेलं नाही. रंगकाम दिवाळीच्या सुट्टीत करा, अशी विनंती केली, म्हणजे आधीच्या कागदांशी तुलना करता येईल. मान्य झाली.

१५ ऑक्टोबर

आज जागतिक हात धुणे दिन, २००८ पासून पाळतात. शाळेत फलक, घोषणा, सगळ्या मुलांचं रांगेत प्रात्यक्षिक. नोंद घेतली नाही, पुढचे काही दिवसही घेणार नाही. वडीचं वजन मात्र चालू आहे. फॉर्म, व्याख्यांचा कागद आणि वजनांची वही मुख्याध्यापिकांकडे ठेवली. त्या कमी वासाच्या साबणाच्या वड्या समितीनं मंजूर केल्यात, पण त्या रंगकामाबरोबर नको, आधी पावलं आणि जानेवारीत साबण, असं ठरवून घेतलं. दोन्ही एकदम बदललं तर कशानं काय झालं ते सांगता येणार नाही.